कुरडया राखणारी मुलगी

आमच्या गच्चीवर कोणी मुलगी येते, हे मला पहिल्यांदा काकूकडून कळलं. दुपारचे चार वाजत आले होते. कावळे हाकलायची काठी घेऊन मी जिन्याकडं निघाले होते आणि काकूनं ओट्यावर ताकाचे दोन गिलास भरून ठेवले होते.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"ऊन आहे की रे," काकू म्हणाली. "एक तुला. एक..." तिनं नुसती हनुवटी उचलून छताकडं दाखवलं आणि परत कोथिंबीर निवडायला लागली. "आणि हे बघ, लांब लांब बसा. मास्क लावा. मी काही विचारत नाही."

मी दोन गिलास सांभाळत वर गेले. वर जे रोज असायचं तेच होतं. जुन्या साडीवर पसरलेल्या कुरडया, पाण्याची टाकी, दोन कावळे. एक गिलास मी प्याले. मग दुसऱ्याकडं बराच वेळ बघत बसले आणि तोही प्याले, आता काय करणार!

हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही शेजारच्या अक्कांसारखं भलतंच काहीतरी समजून बसाल. गच्चीवरची ती मुलगी मीच होते. फक्त घरात ते कोणाला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी मी चोवीस वर्षांची होते आणि मी मुलगी आहे हे अख्ख्या जगात पाच-सहा माणसांना माहीत होतं. बाकीच्यांच्या हिशेबी मी निपाणीकडचा एक गुणी मुलगा. बेंगळुरात मारतहळ्ळीला कंपनीत नोकरी, तिथंच मुलांच्या पीजीत कॉट, लग्नाला अजून दोनेक वर्षं अवकाश. वर्षभर धीर गोळा करून मी एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली होती. औषधं सुरू करायची होती, पुढचं सगळं विचारायचं होतं. वेळ दोन दिवसांवर आली आणि देश बंद झाला. माझं नशीब नेहमी असंच अगदी वेळेवर पोचतं.

पीजीवाल्यानं दोन दिवसांत खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. गावी जायला बस नाही, रेल्वे नाही. मग येलहंक्याहून काका स्कूटरवर आले, नाकाला चौकटीचा रुमाल बांधून. आधी मला आणि मग माझ्या सॅकला सॅनिटायझर शिंपडलं आणि म्हणाले, "बस मागं. श्वास तिकडं सोड." त्या सॅकच्या तळाशी, चार्जरच्या वायरींखाली, माझ्या दोन कुर्त्या, कानातले आणि एक लिपस्टिक होती. अख्ख्या रिंग रोडवर मला एकच धास्ती होती, पोलिसानं सॅक उघडायला सांगितली तर! एकानं थांबवलं, काकांनी कन्नडमध्ये काहीतरी खडसावून सांगितलं आणि त्यानं आम्हाला सोडलं.

काका-काकू पस्तीस वर्षांपासून बेंगळुरात. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळं आम्ही सगळी पुतणे-भाचे मंडळी त्यांचीच. काकूचं मराठी बेळगावचं, त्यात मधूनमधून कन्नड. चहात 'स्वल्प' साखर, भांडण मिटलं की 'सरी सरी'. माझ्यावर तिचा फार जीव, आणि तीच तर अडचण होती. सकाळी पहिली हाक यायची, "उठला का माझा वाघ?" वाघ उठायचा. वाघाला शिरा मिळायचा. दुसऱ्या आठवड्यात ब्लेड संपली, दुकानं बंद, आणि वाघाला दाढी यायला लागली. काकू कौतुकानं काकांना म्हणाली, "बघा हो, कसा दिसायलाय, अगदी तुमच्यासारखा!" काका टीव्हीसमोर मास्क लावून बसायचे, बातम्यांतूनही काही बाहेर यायला नको म्हणून. त्यांनी मास्कमधूनच हुंकार भरला. मी हसले आणि बाथरूममध्ये गेले.

बाथरूममध्ये मी नळ सोडून रडायची. पहिले तीन आठवडे रोज. बाहेरून काकू ओरडायची, "बाळा, टाकी रिकामी होईल रे!" मग मी नळ बारीक करून बारीक रडायची.

हे मी आता हसत सांगते आहे, पण तेव्हा त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. आरशात रोज थोडा थोडा काकांसारखा दिसणारा एक माणूस उभा असायचा आणि तो मीच आहे असं घरातले दोघंही प्रेमानं सांगायचे. ऑफिसच्या कॉलवर तेच नाव, जेवताना तेच नाव. हे कधी संपणार ते कोणालाच माहीत नव्हतं. असंच राहायचं असेल तर आपण नसलेलं बरं, असं मला वाटायला लागलं होतं. एकदा नाही, बरेचदा. मला माझीच भीती वाटत होती.

हे मी एकाच माणसाला सांगितलं. होसकोट्याला माझी एक मैत्रीण होती, माझ्यासारखीच, नागपूरची, तिथल्या कारखान्यात नोकरीला. कारखाना बंद, ती एका खोलीत एकटी. तिला फोन केला तर म्हणाली, "तू भरलेल्या घरात वेडी होऊन राहिली, मी रिकाम्या खोलीत वेडी होऊन राहिली. अदलाबदल करतं का बे?" मी त्या दिवशी पहिल्यांदा खरी हसले. मग तिनं सरळ विचारलं, "जीव देण्याचे विचार येऊन राहिले का तुला?" मी हो म्हटलं. कोणी इतकं सरळ विचारलं की खोटं बोलता येत नाही. त्यावर तिनं मला काही उपदेश केला नाही. "रोज चार वाजता फोन. उचलला नाही तर मी काकूच्या फोनवर करीन, मग तू जाण," एवढंच म्हणाली. आणि तिनंच मला आमच्या रविवारच्या गटात ओढलं.

तो गट म्हणजे व्हिडिओवर दहा-बारा चौकोन, त्यातले निम्मे काळे. कोणी भावांच्या खोलीतून, कोणी गोठ्यामागून, कोणी पांघरुणातून. एक मुलगा, ज्याला घरचे मुलगी समजत होते, त्याला टाळेबंदीत पोळ्या शिकवायला घेतल्या होत्या आणि तो मुद्दाम नकाशे लाटत होता. एकजण दिवसाचे चौदा तास झोपायचा. गट चालवणाऱ्या समुपदेशक ताई फार शांत बोलायच्या. त्यांनी शिकवलं होतं, जीव घाबरा झाला की आजूबाजूला दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं घ्यायची. मी गच्चीवर करून बघितलं. कावळा, कावळा, कुरडई, कावळा, टाकी. पण खरं सांगते, उपयोग व्हायचा.

आता गच्चीचं सांगते. दरवर्षी उन्हाळ्यात काकू सगळ्या खानदानाचं वाळवण करते. कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, सांडगे. गावाकडचे सगळे येतात आणि डबे भरून नेतात. त्या वर्षी येणार कोण होतं? चौकापर्यंत जायची बंदी. पण काकूनं गहू भिजत घातलेच. "कोरोना जाईल की, मग लोक येतील आणि विचारतील, कुरडया कुठं आहेत? मग काय सांगू, बातम्या बघत होते म्हणून?" तिचे गुडघे गेलेले, जिना चढता यायचा नाही. ती पहाटे खाली चीक शिजवायची, मी सोऱ्या आणि पातेलं घेऊन वर जायची, साडी पसरून, चार कोपऱ्यांना दगड ठेवून कुरडया घालायची. पहिल्या दिवशीच्या माझ्या कुरडया बघून, म्हणजे फोनवर फोटो बघून, काकू म्हणाली, "हे काय घातलंस? गांडुळं वाटायलेत." मग शिकले. आणि मग राखणीला बसायचं. काठी घेऊन, टाकीच्या सावलीत, उन्हं उतरेपर्यंत. ऑफिसचं काम मी सकाळी सातला सुरू करून चारला आवरायची, म्हणजे हा वेळ मोकळा. घरात माणूस सतत समोर. गच्चीवर मात्र मी एकटी.

"मग आवाजाचा सराव कर ना," होसकोट्याची म्हणाली. "डॉक्टर बंद, पार्लर बंद. आवाजाला कोणती परवानगी लागते?"

खरंच की. औषधांनी आमचा आवाज बदलत नाही, तो शिकावाच लागतो, हे मला माहीत होतं. मी कधी धाडस केलं नव्हतं, कारण पीजीत चार जणांत कसला सराव? तिनं मला सगळं फोनवर शिकवलं. आधी ओठ मिटून गुणगुणायचं. मग पाण्याच्या गिलासात स्ट्रॉ घालून बुडबुडे काढत सूर वर-खाली न्यायचा. मग वाचायचं. आवाज नुसता बारीक केला तर तो नकली येतो. तो गळ्यातून उचलून तोंडात पुढं आणायचा, वाक्य जरा मऊ सोडायचं. पहिले आठ दिवस माझा आवाज सर्दी झालेल्या मांजराचा होता. मैत्रीण हसून हसून फोन पाडायची. "थांब, थांब, ते 'नमस्कार' पुन्हा म्हण, मला आज काही करमणूक नाही!" मी चिडायची, दोन शिव्या द्यायची, आणि ती म्हणायची, "हां! शिवी बरोबर बाईची आली. त्याच जागेवरून नमस्कार म्हण."

वाचायला वर होतं काय? साडीखाली घातलेली जुनी वर्तमानपत्रं आणि भिंतीवरून उतरवलेलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर. मी कॅलेंडरच्या मागच्या पाककृती वाचायची, राशिभविष्य वाचायची. "कन्या राशीच्या व्यक्तींना प्रवासाचे योग आहेत." होय, कन्या राशीला बाथरूमपर्यंत. मग मी स्वतःच माणसं रचायला लागले. कधी बँकेतली मॅडम व्हायची आणि कावळ्याला सांगायची की आपलं खातं बंद झालं आहे. कधी नव्या घरी भाडेकरू म्हणून आलेली मुलगी व्हायची, घरमालकीणबाईंना सांगायची, "मी एकटीच राहणार, स्वयंपाक घरी करते, पाहुणे नाहीत." येलहंक्यावरून लष्कराची विमानं अधूनमधून जायची. तेवढ्या गडगडाटात मी मोठ्यानं माझं नाव म्हणून बघायची. माझं, मी ठेवलेलं. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस ते नाव अगदी सहज निघालं, कसलाही जोर न लावता, आणि मी काठी खाली ठेवून तशीच बसून राहिले. कावळ्यांनी त्या दिवशी सात-आठ कुरडया नेल्या. नेऊ देत.

तो एक तास होता म्हणून बाकीचे तेवीस निघत होते. त्याला कोणी हात लावला असता तर माझं काय झालं असतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. आणि कळलं असतं तर? काकूनं आईला फोन केला असता, गावात बोभाटा झाला असता, आणि बाहेर पडून जाणार कुठं? बेंगळुरात त्या दिवसांत माझ्यासाठी ते एकच दार उघडं होतं.

आणि मी मूर्ख, मला वाटत होतं की गच्चीवर मला फक्त कावळे ऐकतात! शेजारच्या घरात अक्का राहतात. काकूच्या वयाच्या, त्यांचीही संडिगे, म्हणजे त्यांच्याकडचं वाळवण, त्याच वेळी त्यांच्या गच्चीवर वाळत असायची. मध्ये कमरेएवढी भिंत आणि आमची टाकी. मला त्या दिसायच्या नाहीत, त्यांना मी दिसायची नाही. पण त्यांचे कान शाबूत होते. त्यांनी खाली कंपाउंडच्या भिंतीशी काकूला गाठलं आणि सांगितलं, "मेले यारो हुडुगी इदाळे." वर कोणीतरी मुलगी आहे. तुमच्या मुलाशी रोज बोलते. गोड बोलते.

हे मला मागाहून कळलं. तेव्हा फक्त ताकाचे दोन गिलास दिसले. दुसऱ्या दिवशी दोन बशा पोहे. तिसऱ्या दिवशी काकूनं विचारलं, "कांदा खाते ना?" मी म्हटलं, "कोण?" ती म्हणाली, "कोणी नाही. मी आपली विचारायले."

मी काय बोलणार? मुलगी नाही म्हटलं तर आवाज कोणाचा? मी घाबरून गप्प राहिले आणि गप्प राहण्याचा अर्थ काकूनं होकार असा घेतला. मग तर तिला उत्साहच आला. चारचं खाणं म्हणजे जेवणच व्हायला लागलं. दोन ताटं, त्यावर दोन ताटल्या झाकलेल्या. बिसीबेळे भात, थालीपीठ, एकदा पुरणपोळी. एकटीनं दोन पुरणपोळ्या म्हणजे ठीक, पण काकूच्या चार असायच्या. टाकून द्यायचं तर अन्न, आणि कावळ्यांना घातलं तर ते कुरडयांवर आणखी पाहुणे घेऊन येणार. मी खाल्लं. होसकोट्याची फोनवर ऐकायची आणि किंचाळायची, "मी इथं मॅगी खाऊन राहिली आणि तू स्वतःची सवत होऊन पुरणपोळी हाणते!" पंधरा दिवसांत माझी पँट लागेनाशी झाली. काकू रिकामी ताटं बघून खूश व्हायची. "खाते बाई चांगली," एवढंच म्हणायची.

आणि मग एका सकाळी हे सगळं माझ्या अंगावर आलं. अक्कांच्या घरी कोणालातरी ताप आला. साधा ताप होता, दोन दिवसांत उतरला, पण तेव्हा साधा ताप असा काही प्रकार नव्हता. काकू बाहेरून आली, चेहरा उतरलेला, आणि मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं.

"तिला सांग, आजपासून यायचं नाही," ती म्हणाली. "अक्का चिडल्यात. तिच्या घरमालकाला फोन करणार म्हणतात, दुपारच्या आत. पोर हॉस्पिटलातनं येते आणि गच्च्या ओलांडून लोकांच्या घरात फिरते म्हणून."

"कोण पोर?"

"कोण म्हणजे? मागची नर्स की!"

मागच्या घरात वरच्या खोलीत एक नर्स भाड्यानं राहायची. हासनकडची. सकाळी सातला पाठीला बॅग लावून जायची आणि ती गल्लीतून चालली की दोन्हीकडच्या खिडक्या लागायच्या. दुपारी परत येऊन गच्चीवर कपडे वाळत घालायची. एकदा मी तिला हात केला होता, तिनंही केला होता. आमची ओळख इतकीच. अक्कांनी वेळ जुळवली आणि आवाज तिच्या नावावर लावून टाकला. गेले पंधरा दिवस काकूलाही तीच वाटत होती. दुधाची पिशवी साबणानं धुणारी, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवणारी माझी काकू हॉस्पिटलातल्या पोरीला रोज ताट पाठवत होती!

"तिला खोली सोडायला लावतील?" मी विचारलं.

"लावतील की. कालच पलीकडच्या गल्लीत एकीला लावली."

मी पहिलं जे सुचलं ते बोलले. "काकू, वर कोणी येत नाही. तो फोन होता. फोनवर मैत्रीण बोलायची."

काकूनं माझ्याकडं नीट बघितलं. "फोन पुरणपोळ्या खातो काय रे?"

पंधरा दिवसांची तीस रिकामी ताटं माझ्या विरोधात साक्षीला उभी होती. मी नर्सला वाचवायला बघते आहे असंच काकूला वाटलं. "झाकू नको," ती म्हणाली, "मला राग नाही. पण अक्कांपुढं मी खोटं कसं बोलू? त्यांच्या घरी ताप आहे."

मला त्या वेळी गप्प बसता आलं असतं. हे मी लपवत नाही, माझ्या मनात ते येऊन गेलं. नर्स जाईल, चार दिवसांत सगळे विसरतील, मी अजून सांभाळून, अजून हळू बोलेन. माझं दार उघडं राहील. पण तिचं बंद होईल, आणि ते माझ्या आवाजामुळं. माझ्या आवाजानं पहिली गोष्ट काय केली, तर एका मुलीला रस्त्यावर काढलं! छे. ते मला सहन झालं नसतं. मी ओट्याची कड धरली, गुणगुणायचंही सुचलं नाही, आणि चार वाजताचा आवाज सकाळी साडेदहाला काढला.

"काकू, त्या नर्सचा काही संबंध नाही."

काकूनं चटकन मागच्या दाराकडं बघितलं. मग खिडकीकडं. मग, शपथेवर सांगते, फ्रिजच्या मागं डोकावली.

"काकू, इकडं बघ. मीच बोलते आहे."

ती वळली. माझ्या तोंडाकडं बघितलं, मग गळ्याकडं. "परत बोल," म्हणाली. मी परत बोलले. "ही नक्कल आहे काय? कंपनीत नाटक आहे?" मी नाही म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. फार वाईट सांगितलं. डॉक्टरीणबाईंपासून सुरू केलं, मध्येच शाळेवर गेले, मग आरशावर, मग होसकोट्यावर, कुर्त्यांवर. नाक पुसायला हाताशी आलेला ओला नॅपकिन ओट्याचा होता. काकू खुर्चीवर बसली आणि एकदाही मध्ये बोलली नाही, हेच मला भयंकर वाटत होतं. कारण काकू नेहमी मध्ये बोलते.

शेवटी ती म्हणाली, "आईला ठाऊक आहे?"

"नाही."

"दोन्ही ताटं तूच खाल्लीस?"

"हो."

"सगळी?"

"काकू, चार पुरणपोळ्या होत्या!"

तिला हसू आलं, पण ते तोंडापर्यंत येऊन परत गेलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "तू न्हाणीघरात रडायचास. मला काय ऐकू येत नव्हतं काय? पाण्यासाठी कोण ओरडतंय, तू दार उघडावंस म्हणून ओरडायची मी. रात्रंदिवस वाटायचं, या पोराचं काहीतरी बरंवाईट होणार आणि मी त्याच्या आईला काय सांगणार. मग अक्का म्हणाल्या, वर मुलगी येते. त्याच आठवड्यात तुझं रडणं थांबलं. म्हटलं, असू दे नर्स. आणू दे काय आणायचं ते घरात. पोर जेवायलंय, हसायलंय."

मी ओट्याचा नॅपकिन परत तोंडावर घेतला.

"पण हे मला पटत नाही," काकू एकदम कडक आवाजात म्हणाली. "खरं सांगते. कळतही नाही. मी काय समजावं? काकांना काय सांगावं? तू आधी का बोलला नाहीस? माझ्या घरात राहून, माझ्या हातचं जेवून, इतकं मोठं... मला राग आलाय. फार राग आलाय." तिचे डोळे भरले होते आणि त्यामुळं तिला अजून राग येत होता.

तेवढ्यात बाहेरून अक्कांची हाक आली. कंपाउंडच्या भिंतीपलीकडून, फोन हातात घेऊन. फोन करू ना, असं त्या विचारत होत्या. काकू उठली. पदर नाकावरून घेतला, कानामागं खोचला आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेली.

मी खिडकीशी उभी राहिले. आत मी मनातल्या मनात सॅक भरायला घेतली होती. कुर्त्या, वायरी, लॅपटॉप. होसकोट्याला चालत किती वेळ लागेल याचा मी खरोखर विचार करत होते. काकूला सांगण्यासारखं बरंच काही होतं. मुलगा नकला करतो म्हणाली असती तरी चाललं असतं. टीव्ही होता म्हणाली असती तरी. मी मनातून त्यालाही तयार होते, नर्स वाचली म्हणजे झालं.

"नर्सम्मा अल्ला, अक्का," काकू म्हणाली. ती नर्स नव्हे. "फोन करू नका."

"मत्ते यारु?" मग कोण?

काकूनं नाकावरचा पदर सरळ केला. खिडकीतून मला तिची पाठ दिसत होती. अक्कांनी फोन तसाच धरला होता.

"अवळु नम्म मने हुडुगी," काकू म्हणाली. ती आमच्या घरची मुलगी.

मराठीत तिला त्या दिवशी हे म्हणता आलं असतं असं मला वाटत नाही. कन्नडमध्ये ती म्हणून गेली, सरळ, भाजीवाल्याला घर नंबर सांगावा तशी. मी खिडकीचा गज धरला आणि ढसाढसा रडले, कोणी ऐकतंय की नाही याची पर्वा न करता.

अक्कांनी फोन कमरेला खोचला. ताप, गच्ची, नर्स सगळं त्या क्षणात विसरल्या. घरात मुलगी आहे म्हटल्यावर त्यांना एकच विचारायचं होतं, आणि त्यांनी भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून ते विचारलंच. "मदुवे आगिदेया?" लग्न झालंय का तिचं? त्यांच्या बहिणीचा मुलगा आहे म्हणे, चांगल्या नोकरीत.

"अय्यो, नाही हो," काकू म्हणाली. "इन्नू स्वल्प टाइम इदे, थोडा वेळ आहे अजून. आधी तिला बरं वाटू दे."